अल्फिल्डिन नावाचं तेल

मास स्पेक्ट्रोमीटर आमच्या संस्थेत आला त्या वसंतात सगळ्यांनाच आपापल्या जुन्या बाटल्या आठवल्या. कुणाचा कुठल्या सालीचा अर्क, कुणाचे अर्धवट सोडलेले स्फटिक. यंत्रावर मी बसायचो. दाराला दोरीने एक वही टांगली होती. नमुना तपासून हवा असेल त्याने वहीत नाव लिहायचं आणि पाळी येईपर्यंत थांबायचं, असा रिवाज. प्राध्यापक थांबत नसत. अल्फिल्ड नोरेन थांबली. तेविसाव्या ओळीत, बाटलीच्या लेबलावर मावेल एवढ्या बारीक अक्षरात तिने लिहिलं होतं: नोरेन. अल्फिल्डिन. घाई नाही.

त्या यंत्राची ती आठ वर्षं वाट पाहत होती.

लाकूड कापायच्या गिरणीवरल्या कामगाराची ती मुलगी. सतराव्या वर्षी आमच्याकडे काचसामान धुवायला लागली आणि धुताधुताच शिकली. परीक्षानळी पाण्याखाली धरण्याआधी हुंगायची आणि कुठल्या पोराने काय जाळलं ते सांगायची. पुढे पदार्थांचं कोठार तिच्या ताब्यात आलं आणि विश्लेषणाचा वर्गही. या वर्गात प्रत्येकाला एक तपकिरी बाटली मिळायची, वर नुसता आकडा. आत काय आहे ते आठवड्याभरात ओळखायचं. ब्रोमीनचा रंग उडतो का, फेरिक क्लोराइडने जांभळं होतं का, किती अंशांना वितळतं. उत्तरांची यादी एकट्या तिच्याकडे, एप्रनच्या खिशात.

"नोरेनबाई, हे ॲसिटोन आहे ना?" पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.

"तुला नाक दिलंय ते काय चष्मा टेकवायला?"

"वास ॲसिटोनसारखाच येतोय."

"सारखाच. सासूही आईसारखीच असते. चाचणी कर."

चाचणी केली. ॲसिटोन नव्हतं. तेव्हापासून तिच्यासमोर 'सारखं' हा शब्द मी वापरला नाही.

तिचा नवरा सिक्स्टन संस्थेतच साहाय्यक होता. उंच, वाकलेला, डॉक्टरेट कधीच पुरी न झालेला. वर्षभर दुसऱ्यांचे प्रयोग मांडून द्यायचा आणि उन्हाळ्याचे पाच आठवडे स्वतःचे करायचा. दूर उत्तरेला, येम्तलांडमध्ये त्याच्या आईचं शेतघर होतं. मागच्या डोंगरावर जुन्या स्प्रूसच्या फांद्यांना काळं दगडफूल लोंबतं, घोड्याच्या शेपटीसारखं. ते पोत्यांनी आणायचं, कोठीत वाळवायचं, पेट्रोलियम ईथरमध्ये भिजवायचं, वरचा द्राव नळीने दुसऱ्या भांड्यात ओढून घ्यायचा, ईथर उडवून टाकायचा आणि तळाशी काय उरतं ते बघायचं. ती पोती धरायची, तो नळी.

तळाशी एक तेल उरलं. रंग नाही, वास नाही, हाताला जरा जड. ब्रोमीनचा रंग ते उडवत नव्हतं. एस्टरची चाचणी केली की करवंदाच्या रसासारखा लाल रंग यायचा. कुठल्याच पुस्तकात दगडफुलातल्या अशा तेलाची नोंद नव्हती. सिक्स्टनने दोन पानी लेख छापला, एकोणीसशे एकसष्ट साली. चाचण्या, कार्बन किती, हायड्रोजन किती, रेणूची रचना अजून अज्ञात. पदार्थाला नाव देण्याचा हक्क शोधणाऱ्याचा असतो. त्याने बायकोचं दिलं. एका जाड जर्मन कोशात पुढच्या वर्षी ते आलं: अल्फिल्डिन, तेल, आणि रचनेच्या जागी प्रश्नचिन्ह.

मूल नव्हतं त्यांना.

त्रेसष्टच्या फेब्रुवारीत दारातलं बर्फ उपसताना सिक्स्टन फावड्यावर वाकला आणि सरळ झाला नाही. उरलेलं तेल, असेल ग्रॅमभर, तिने काचेच्या कुपीत भरलं आणि कुपीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलं. मी तिथे होतो. "आता हे उघडायचं ते रचना कळायची असेल तेव्हाच," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचा वर्ग होता, तो तिने घेतला.

तेविसावी पाळी एकाहत्तरच्या नोव्हेंबरात आली. पुढच्या जूनमध्ये ती निवृत्त होणार होती. सकाळी दहाच्या कॉफीला ती कुपी रुमालात गुंडाळून घेऊन आली. डॉक्टर व्रेडे, आमचे विभागप्रमुख, वेलचीचा पाव कॉफीत बुडवत होते.

"नोरेनबाई, आज तुमचा दिवस. आणि आता मला 'तू' म्हणायला लागा. हल्ली सगळा देश एकमेकांना 'तू' म्हणतोय."

"देशाला म्हणू दे. मी तुम्हाला बाटल्या फोडताना पाहिलंय, डॉक्टर. 'तू' म्हटलं की लगेच ओरडावंसं वाटेल."

सगळे हसले. तीही हसली. मग कुपीच्या मानेवर कानशीने रेघ मारली, टिचकीने मान तोडली आणि काचेच्या काडीवर एक थेंब मला दिला. "एवढ्यात होईल ना?"

"याच्या शंभराव्या भागात होईल."

"उरलेलं राहू दे मग."

तिला समोर बसायचं नव्हतं. वर्ग आहे म्हणाली आणि गेली.

हे यंत्र रेणू फोडतं. तुकड्यांची वजनं कागदावर उभ्या रेघांनी मांडतं, जितके तुकडे जास्त तितकी रेघ उंच. कागद सरकत बाहेर आला. इतर रेघा बुटक्या. एकच उंच, कागदाच्या माथ्याला टेकलेली. एकशे एकोणपन्नास.

यंत्रावर बसणाऱ्या माणसाला हा आकडा शिकवावा लागत नाही. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेल मिसळतात, थॅलेट. एकशे एकोणपन्नास ही त्याची खूण. बाटलीच्या झाकणातून, हातमोज्यातून, कुठूनही ते नमुन्यात शिरतं. मला वाटलं, माझाच हलगर्जीपणा. यंत्र तापवून स्वच्छ केलं, कोरं चालवलं. रेघ नाही. पुन्हा तिचा थेंब. रेघ आली. मग कोठारातून थॅलेटची बाटली आणली, त्यातला थेंब चालवला आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला लावले. बाहेर अजून थोडा उजेड होता. एकही रेघ इकडची तिकडे नव्हती.

व्रेडेंनी कागद पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले.

"बिचारा सिक्स्टन."

"तिला काय सांगू?"

"नमुना बिघडला म्हण. आठ वर्षं पडून होता."

"कुपी सीलबंद होती."

"एलोफ, ती जूनमध्ये घरी जातेय. कोशात एक प्रश्नचिन्ह आहे, ते राहू दे की तिथे. कुणाच्या वाटेत येतंय?"

मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते हवं होतं.

तीनच्या कॉफीला मी तिला गाठलं. बाहेर काळोख झालाच होता. म्हटलं, नमुना बिघडलाय, काही नीट येत नाही.

"बिघडलाय म्हणजे?"

"तुटलाय. जुना झाला."

"तेल आहे ते, दूध नाही. कागद दाखव."

"कागद... टाकला."

तिने कप बशीत ठेवला. कित्येक वर्षं ती विद्यार्थ्यांना सांगत आली होती की चुकलेल्या प्रयोगाचा कागद आधी जपायचा. "बरं," म्हणाली आणि कप विसळायला गेली.

माझ्या हातून एक गोष्ट निसटली होती. कोठारातून बाटली नेताना सही करायची असते. सवयीने मी केली होती: थॅलेट, एक बाटली, एलोफ, दुपारी दीड. ती वही रोज संध्याकाळी अल्फिल्ड तपासायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला वर्गाच्या खोलीत बोलावलं. विद्यार्थी यायचे होते. टेबलावर लाकडी घोडीत तीन परीक्षानळ्या. मागे तिने काळा कागद उभा केला होता.

"बघ आणि सांग."

ही चाचणी मी तिच्याकडूनच शिकलो होतो. तेल कॉस्टिकमध्ये उकळायचं, म्हणजे त्यातलं आम्ल मोकळं होतं. ते आम्ल रेसॉर्सिनॉलबरोबर, गंधकाम्लाचा थेंब टाकून तापवायचं आणि कॉस्टिकच्या पाण्यात ओतायचं. आम्ल थॅलिक असेल तर पाणी हिरवं पेटतं. पण रेसॉर्सिनॉल एकटंही जरा चकाकतं, म्हणून शेजारी कोरी नळी हवी आणि खात्रीच्या थॅलिक आम्लाचीही एक हवी. हे सगळं तिने केलं होतं.

"पहिली कोरी," मी म्हणालो. "चमक अगदी कमी. दुसरी थॅलिक."

"तिसरी?"

तिसरीत पाणी हिरवंगार जळत होतं. दिवा नसताना, ज्योत नसताना.

"विचारतेय मी. तिसरी?"

"जी दुसरी, तीच."

"मग कागद आण."

मी खणातून आणला. तिने तो टेबलावर पसरला, बोटाने उंच रेघेवरून वरपर्यंत गेली आणि बोट तिथेच राहिलं.

"नोरेनबाई, हे कुणाच्याही हातून—"

"नळी," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"त्याची रबरी नळी कडक झाली होती. तडे गेले होते. मी म्हणायची, नवी घे. तो म्हणायचा, चालतंय. एकोणसाठला त्याच्या वाढदिवसाला मीच आणली, दोन मीटर, शहरातून. तेव्हा नुकतीच आली होती ती प्लास्टिकची. काचेसारखी स्वच्छ. आतून जाणारा ईथर दिसायचा. तो म्हणाला, बघ, आता कळतं तरी आत काय चाललंय." तिने बोट रेघेवरून उचललं. "त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तेल निघालं नव्हतं, एलोफ. नवी नळी लावली आणि निघालं. आम्हाला वाटलं, त्या वर्षी दगडफूल चांगलं आलंय."

विद्यार्थी दारात आले. तिने तिन्ही नळ्या मोरीत ओतल्या. एप्रनच्या खिशातून यादी काढली आणि बाटल्या वाटायला लागली.

व्रेडेंना वाटलं, विषय संपला. तिला तसं वाटत नव्हतं. महिनाभराने ती त्यांच्या खोलीत गेली. मीही होतो.

"दुरुस्ती छापायला हवी, डॉक्टर. पण आत्ता नाही. नळीतलं तेल सापडलं म्हणजे दगडफुलात काहीच नाही असं होत नाही. त्याच्याखाली दुसरं काही लपलं असेल. मी या उन्हाळ्यात पुन्हा काढते. सगळं काचेत."

"आणि काही नाही निघालं तर?"

"तर छापायचं."

"नोरेनबाई, नका करू. माझं ऐका. त्यालाही नसतं आवडलं."

"त्याला काय आवडायचं ते मला सांगताय?" ती शांतपणे म्हणाली. "त्याला खरं काय ते कळलेलं आवडायचं. एवढंच आवडायचं त्याला. सुट्टीत दुसरं काही केलं नाही कधी, समुद्र पाहिला नाही आम्ही."

जूनमध्ये तिला निरोप दिला. पुष्पगुच्छ, घड्याळ, व्रेडेंचं भाषण. जुलैत मी तिला माझ्या साब मोटारीतून येम्तलांडला नेलं. मागच्या सीटवर काचेची भांडी, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळलेली.

शेतघरामागचा सिक्स्टनचा उतार आता उतार राहिला नव्हता. लाकूड कंपनीने तो मुळापर्यंत भादरला होता. बुंधे, चाकांच्या चाऱ्या, चाऱ्यांत साचलेलं तपकिरी पाणी. ती एका बुंध्यावर बसली. पाठीवरची पिशवी तिने उतरवली नाही.

"इथलंच लागेल का?" मी विचारलं.

"झाड तेच नको, दगडफूल तेच असलं की झालं. वर चल."

आणखी दोन तास वर. तिथे जुनी झाडं उरली होती, काळ्या दाढ्या सोडून उभी. चौसष्ट वर्षांची बाई हात वर करकरून चार दिवस ते काळं ओढत होती. डास तोंडावर बसायचे, ती हाकलायची नाही, हात भरलेले असायचे. रात्री कोठीत आम्ही कडक भाकरीवर चीज ठेवून खायचो. एके रात्री म्हणाली, "तो असता तर तुला हे झाड किती वर्षांचं ते सांगत बसला असता. फार पकवायचा." आणि भाकरी तशीच हातात धरून बसली.

ईथर तिने स्वतः तीनदा ऊर्ध्वपातन करून आणला होता. सांध्यांना ग्रीससुद्धा लावलं नाही, पाण्याने ओले करून बसवले. द्राव ओढायला काचेची वाकडी नळी, तीही तिनेच ज्योतीवर वाकवलेली. इतकं स्वच्छ काम मी आजवर पाहिलेलं नाही.

तळाशी या वेळी तेल उरलं नाही. पांढरट पूड उरली, नखावर मावेल एवढी. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मी ते पाहिलं आणि तिने पाहिलं की मी पाहिलं.

सप्टेंबरात मी यंत्रावर बसलो तेव्हा या वेळी ती शेजारी खुर्ची घेऊन बसली. कागद सरकत आला. एकशे एकोणपन्नासच्या जागी काही नव्हतं. बाकीच्या रेघा मी पाहिल्या, मग पुस्तक उघडलं, आणि पान तिच्याकडे केलं. दगडफुलातलं एक नेहमीचं आम्ल. चाळीस वर्षांपूर्वीच कुणीतरी शोधलेलं, पाठ्यपुस्तकातलं. वर्गातल्या बाटल्यांतही ती ते कधीमधी भरायची.

"वितळणबिंदू घेतला होता मी," ती म्हणाली. "कोठीतच. शंका आलीच होती."

"मग इतके दिवस—"

"सारखंच वाटलं. म्हटलं चाचणी होऊ दे."

यंत्राचा पंप चालू होता. तिचं काम स्वच्छ निघालं होतं. तेवढ्यानेच सिक्स्टनचं उरलंसुरलं पुसलं गेलं.

दुरुस्तीचा मजकूर तिने लिहून आणला. व्रेडेंनी वाचला आणि शेवटच्या वाक्याखाली पेन्सिल ओढली. ते वाक्य होतं: ही प्लास्टिकची नळी लेखकाने निवडलेली नव्हती, ती त्यांच्या पत्नीने आणून दिली होती.

"हे काढावं लागेल."

"का?"

"नियतकालिकात असं लिहीत नाहीत. 'उपकरणातील प्लास्टिकमधून आलेला पदार्थ', बस. बायको, वाढदिवस, हे शास्त्रात येत नाही."

"नळी आपोआप नाही आली, डॉक्टर. वाचणारा म्हणेल, नोरेनला एवढंही कळलं नाही. त्याला कळत होतं. तो जुनीच वापरत होता. मी आणली म्हणून त्याने लावली, माझं मन मोडवेना म्हणून."

"वाचणारा काही म्हणणार नाही. वाचणारा पान उलटेल."

"तेच तर."

व्रेडे वाईट माणूस नव्हते. त्यांनी वाक्य ठेवूनच मजकूर पाठवला. संपादकांनी ते छाटलं. आणखी एक विचारलं: मूळ लेखक हयात नाही, तर दुरुस्तीवर सही कुणाची? व्रेडे स्वतःची करायला तयार होते. तिने नको म्हटलं.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये ते छापून आलं. चार ओळी. एकसष्ट साली वर्णन केलेला अल्फिल्डिन हा पदार्थ म्हणजे थॅलेट असून तो उपकरणातील प्लास्टिकमधून आला होता; दगडफुलात असा पदार्थ नाही; हे नाव यापुढे वापरू नये. खाली: अ. नोरेन. जन्मभरात तिचं नाव छापून आलं ते एवढंच.

लेख छापला की लेखकाला पन्नास सुट्या प्रती फुकट मिळतात, ओळखीच्यांना पाठवायला. चार ओळींच्याही मिळतात. त्या मी रविवारी तिच्या घरी पोचवल्या. मला वाटलं, कपाटात जातील.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर पाकिटं पसरली होती. ज्यांनी ज्यांनी सिक्स्टनला एकसष्टनंतर पत्र लिहून लेखाची प्रत मागितली होती, त्या सगळ्यांचे पत्ते तिने शोधून काढले होते. प्राग, सापोरो, एडिंबरो. जर्मन कोशाचं कार्यालय. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांचेही, आमच्या शाखेतल्या प्रत्येक संस्थेचे.

"सगळ्यांना?" मी म्हणालो.

"पन्नास आहेत. पन्नास जातील."

एक प्रत तिने माझ्यापुढे सरकवली. छापलेल्या चार ओळींखाली, बाटलीच्या लेबलावर मावेल एवढ्या अक्षरात, शाईने लिहिलं होतं: नळी मी आणली होती. अ. नो.

मी दुसरी उचलली. तिच्यावरही तेच. तिसरीवर. ढिगातल्या सगळ्यांवर, एकाच उंचीवर, एकाच शाईत, कुठे डाग नाही, कुठे अक्षर हललेलं नाही.

"जर्मनांसाठी जर्मनमध्ये लिहिलंय," ती म्हणाली. "बाकीच्यांसाठी इंग्रजीत. शब्दकोशात पाहून. चुकलं असेल तर सांग."

मी वाचलं. चुकलं नव्हतं.

"रिकामा बसू नकोस मग. त्या डावीकडच्या वाळल्यात, त्या घाल पाकिटात. या ओल्या आहेत, एवढ्यात घडी घालू नकोस."